कायदा पंचविशीचा, चपटी सोळाव्या वर्षी

महाराष्ट्रात व्हिस्की किंवा रम विकत घ्यायची तर कायद्यानं वयाची २५ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१. शिवाय जवळ परवाना हवा, एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा. मूळ कायदा १९४९चा, तेव्हाच्या मुंबई राज्याचा. वयाची एवढी कडक अट जगात फार थोड्या ठिकाणी आहे. आता कोणत्याही तालुक्याच्या गावी शनिवारी संध्याकाळी वाइन शॉपच्या खिडकीजवळ थोडा वेळ थांबून पाहा. जाळीतून नोट आत जाते, कागदात गुंडाळलेली बाटली बाहेर येते. वय विचारणं दूरच, घेणाऱ्याच्या चेहऱ्याकडेही कोणी बघत नाही.

हा कायदा खोटा पडला आहे आणि त्या खोटेपणाची किंमत सोळा-सतरा वर्षांची मुलं मोजत आहेत, असं माझं म्हणणं आहे. तेवीस वर्षांचा मुलगा नोकरी करतो, घरी पैसे पाठवतो, मत देतो, त्याचं लग्न ठरतं. त्यानं मित्रांबरोबर एक रम घेतली तर तो गुन्हा आहे, हे ना त्याला पटतं, ना दुकानदाराला, ना बीटवरच्या पोलिसाला. कायदा पाळायचा म्हटला तर दुकानदाराला रोज कितीतरी कमावती गिऱ्हाइकं परत पाठवावी लागतील. तो पाठवत नाही. एकदा तेविशीतल्याला विचारायचं नाही असं अंगवळणी पडलं की एकोणिसाव्या वर्षीच्या मुलालाही कोणी विचारत नाही, आणि मग मिसरूड न फुटलेला अकरावीतला पोरगाही त्याच खिडकीतून चपटी घेऊन जातो. त्याच्यासाठी जी रेघ आखायला हवी होती ती इतक्या लांब आखली गेली की कोणालाच दिसेनाशी झाली.

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. मोटार चालवत असल्याचा आरोप ज्याच्यावर आहे तो मुलगा सतरा वर्षांचा होता, आणि त्याला मद्य दिल्याच्या आरोपावरून बारशी संबंधित लोकांना अटक झाली. महाराष्ट्र संतापला तो मुख्यतः जामिनाच्या अटीतल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर. तो संताप रास्त होता. पण पुढचे काही आठवडे पब सील करण्याची मोहीम चालली आणि मग सगळं थंडावलं. सतरा वर्षांच्या मुलासमोर ग्लास येतो कसा, हा प्रश्न तेव्हाही बाजूलाच राहिला, कारण त्याचं खरं उत्तर फक्त त्या बारपुरतं नाही.

सोळा आणि तेवीस या दोन वयांत एवढा फरक मानायचं कारण काय? दारू तीच, यकृत तेच. फरक आहे तो पुढच्या वीस वर्षांत. अमेरिकेत १९९७ साली ब्रिजेट ग्रँट आणि डेबोरा डॉसन यांनी २७ हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. हे सगळे आयुष्यात कधी ना कधी दारू घेतलेले लोक होते. ज्यांनी पंधराव्या वर्षाच्या आत सुरुवात केली त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्के लोक पुढे कधीतरी मद्यपाशात अडकले होते. विशीत किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण सुमारे १० टक्के होतं.

सुरुवात कधी झाली याइतकंच, प्यायचं कसं हेही महत्त्वाचं ठरतं. ब्रिटनमध्ये एप्रिल १९७०मधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला जातो. त्यांतल्या ११ हजारांहून अधिक जणांची माहिती रसेल व्हायनर आणि ब्रेंट टेलर यांनी २००७ साली तपासली. सोळाव्या वर्षी ज्यांनी दोन आठवड्यांत दोन किंवा अधिक वेळा एका बैठकीत चार किंवा त्याहून जास्त पेग रिचवले होते, ते तिशीत पोचले तेव्हा मद्यपाशाची शक्यता त्यांच्यात इतरांच्या दीडपटीहून अधिक होती. न्यायालयात दोषी ठरण्याची शक्यता जवळपास दुप्पट. घरच्या परिस्थितीचा हिशेब धरूनही हा फरक उरला. आणि नियमितपणे थोडी थोडी घेणाऱ्या मुलांचं चित्र याहून वेगळं निघालं. म्हणजे एका रात्रीत झिंगेपर्यंत पिण्याची सवय ही स्वतंत्र धोक्याची गोष्ट आहे. आपल्याकडच्या मुलांना हे लागू पडतं, किंबहुना जास्तच लागू पडतं, असं मला वाटतं. कारण पुढे सांगतो.

हे सगळं झालं परदेशातलं. आपल्या शेजारचा अभ्यास गोव्यातला आहे. अरविंद पिल्लै, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यातल्या शहरी आणि ग्रामीण भागांतल्या १८ ते ४९ वयाच्या सुमारे १९०० पुरुषांची पाहणी केली. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. १९५६ ते १९६० या काळात जन्मलेल्या पिणाऱ्यांत किशोरवयातच सुरुवात केल्याचं सांगणारे १९.५ टक्के होते. १९८१ ते १९८८ या काळात जन्मलेल्यांत ७४.३ टक्के. लवकर सुरुवात केलेल्यांमध्ये मद्यपाश, घातक प्रमाणातलं पिणं, मानसिक त्रास आणि दुखापती हे सगळं जास्त होतं.

हा आकडा भीती दाखवायला सोपा आहे, म्हणून तो जपून वाचायला हवा. १९८५च्या सुमारास जन्मलेला माणूस पाहणीच्या वेळी विशीतच होता. त्याच्या पिढीतले जे लोक तिशीत सुरुवात करतील ते अजून पिणाऱ्यांत आलेच नव्हते, त्यामुळे लवकर सुरुवात करणाऱ्यांचा वाटा फुगलेला दिसणार. शिवाय पन्नाशीच्या माणसाला आपला पहिला ग्लास सोळाव्या वर्षी होता की एकोणिसाव्या, हे नेमकं आठवेलच असं नाही. एवढी सूट दिली तरी १९ वरून ७४ ही झेप फक्त विसरभोळेपणानं होत नाही. तीस वर्षांत गोव्यात पहिल्या पेल्याचं वय खाली घसरलं. गोव्यात मद्य विकत घेण्याचं कायदेशीर वय १८ आहे, आणि बारावीची परीक्षा संपल्यावर पुण्या-कोल्हापुरातून निघणाऱ्या पोरांच्या ट्रिपा कुठे जातात हे प्रत्येक आईबापाला ठाऊक आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं योग्य नाही. काही शास्त्रज्ञ म्हणतात की लवकर पिणं हे कारण नसून लक्षण आहे. ज्या मुलाच्या रक्तातच उतावळेपणा आहे, ज्याच्या घरात बाप-काका पिणारे आहेत, तो लवकर सुरुवातही करतो आणि पुढे अडकतोही. पहिल्या पेगनं त्यात काही भर घातली असं सिद्ध होत नाही. कॅरल प्रेस्कॉट आणि केनेथ केंडलर यांनी १९९९ साली व्हर्जिनियातल्या जुळ्यांचा अभ्यास करून जवळपास हाच निष्कर्ष काढला होता. जुळ्यांपैकी एकानं लवकर आणि दुसऱ्यानं उशिरा सुरुवात केली, तरी दोघांच्या धोक्यात फारसा फरक पडला नाही.

मी हा निष्कर्ष मान्य करूनही माझं मत बदलत नाही. पहिलं, लवकर पिणं हे निव्वळ लक्षण असेल तर ते फार उपयोगी लक्षण आहे. नववीतल्या मुलाच्या दप्तरात बाटली सापडली तर शाळेनं त्याला काढून टाकण्याऐवजी जवळ घ्यायला हवं, एवढं तरी त्यातून निघतं. दुसरं जास्त महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियातल्या प्रौढ जुळ्यांवरचा २००९चा एक अभ्यास सांगतो की मद्यपाशातला आनुवंशिकतेचा वाटा सगळ्यांत सारखा नसतो. ज्यांनी अगदी लहान वयात सुरुवात केली त्यांच्यात तो मोठा दिसतो आणि सुरुवातीचं वय वाढत जातं तसा घटत जातो. दारुड्या बापाच्या मुलानं पहिली काही वर्षं थांबणं हे म्हणूनच इतर कोणाहीपेक्षा अधिक गरजेचं आहे. त्या मुलाला नशिबाच्या हवाली करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

आणि शरीरशास्त्र आहेच. निर्णय घेणारा, थांब म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत सातत्यानं दिसलेली गोष्ट अशी की किशोरवयात दारूनं येणारी गुंगी आणि तोल जाणं कमी असतं, मात्र स्मरणशक्तीला बसणारा फटका जास्त असतो. मोठा माणूस तीन पेगनंतर पेंगायला लागतो, त्याचं शरीरच त्याला थांबवतं. पोराला ते थांबवणारं शरीर अजून मिळालेलं नाही. कट्ट्यावर ज्याला 'मला चढतच नाही' म्हणून मान मिळतो तो मुलगा सगळ्यांत जास्त धोक्यात असतो. अमेरिकेत मार्क शुकिट यांनी विशीतल्या मुलांना ठरावीक प्रमाणात मद्य देऊन तपासलं आणि दहाएक वर्षांनी पुन्हा गाठलं, तेव्हा हेच दिसलं. ज्यांच्यावर कमी परिणाम झाला होता त्यांच्यातले जास्त जण मद्यपाशात सापडले होते. ही एक गोष्ट प्रत्येक ज्युनिअर कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात मुलांना सांगितली पाहिजे, यकृताच्या भडक चित्रांआधी.

शहरी, शिकलेल्या घरांतून हल्ली दुसरं एक मत ऐकू येतं. मुलं बाहेर जाऊन पिणारच आहेत, तर घरी, आपल्या डोळ्यांसमोर थोडी थोडी शिकवावी. फ्रान्स-इटलीत तसंच करतात. त्यामागची काळजी खरी आहे, पण पुरावा उलट दिशेला आहे. रिचर्ड मॅटिक यांच्या गटानं ऑस्ट्रेलियात १९२७ मुलांचा बाराव्या वर्षापासून सहा वर्षं मागोवा घेतला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आईवडिलांनी दिलेल्या मद्यानं मुलांचं संरक्षण झाल्याचा कोणताही पुरावा मिळाला नाही. घरातून मद्य मिळालेली मुलं पुढे एका बैठकीत जास्त प्यायली, त्यांना त्रासही जास्त झाला, आणि बाहेरून मिळवण्याचं त्यांचं प्रमाणही वाढलं. आणि ज्या फ्रान्सचा दाखला देतात तिथे २००९ साली अठरा वर्षांखालच्यांना मद्यविक्री बंद झाली. इटलीनंही २०१२मध्ये सोळाचं वय अठरा केलं.

आपल्याकडे तर ही नक्कल मुळातच बसत नाही. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातले साधारण १४ टक्के पुरुष मद्य घेतात असं दिसलं; गोव्यात ते ३७ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे महाराष्ट्रातली बहुसंख्य घरं न पिणारी आहेत. तिथला मुलगा घरी शिकत नाही. तो शिकतो शेताच्या बांधावर, अर्धवट बांधलेल्या इमारतीत, कुणाच्या तरी गाडीत. पैसे कमी म्हणून चौघांत एक चपटी, वेळ कमी म्हणून घाईघाईनं, वास येईल म्हणून नंतर गुटखा, आणि घरी जेवायचं असतं म्हणून पोट रिकामं. चव, गप्पा यांना त्यात जागाच नसते. चढावी म्हणूनच ती घेतलेली असते. ब्रिटनच्या त्या सोळा वर्षांच्या मुलांना ज्या पद्धतीनं बुडवलं, तीच पद्धत आपल्याकडे पिण्याची पहिली आणि बहुतेक वेळा एकमेव रीत आहे. लपूनछपून शिकलेला माणूस चाळिशीतही तसाच पितो. कामावरून घरी येता येता देशीच्या दुकानात उभ्या उभ्या नव्वद मारून तोंड पुसणारा माणूस मुळात त्या बांधावरचाच मुलगा आहे.

आणि त्याला ते कोण पुरवतं? निवडणुकीत ओल्या पार्ट्या होतात तेव्हा झेंडे लावणारी पोरं किती वर्षांची असतात हे उमेदवाराला माहीत असतं. मिरवणुकीत डीजेपुढे नाचणाऱ्यांना पाण्याच्या बाटलीतून काय मिळतं हे मंडळाच्या अध्यक्षाला माहीत असतं. हळदीच्या रात्री मांडवामागे मामा भाच्याला पहिला ग्लास देतो आणि सगळे हसतात. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे मुलाला मद्य देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मला मामाला तुरुंगात पाठवायचं नाही. उमेदवार आणि परवानाधारक विक्रेते यांच्याबाबतीत मात्र हे कलम वापरलं गेलं पाहिजे, आणि वापरलं गेल्याचं लोकांना दिसलं पाहिजे.

मग करायचं काय? माझी पहिली सूचना अनेकांना खटकेल. सर्व मद्यासाठी वय एकच असावं, २१, आणि ते खरोखर पाळलं जावं. २५वरून खाली येणं म्हणजे माघार नव्हे. पाळता येईल असा कायदा केला तरच दुकानदाराला ओळखपत्र मागणं भाग पाडता येतं. अमेरिकेत १९८४च्या कायद्यानं २१ वय न मानणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी कापला जाईल असं सांगितलं, तेव्हाच ते देशभर लागू झालं. निधी कापण्याची तयारी नसती तर तो कायदाही आपल्यासारखाच फाइलीत राहिला असता. तपासण्याची पद्धतही ठरलेली आहे. ब्रिटन-अमेरिकेत प्रशासनच कमी वयाच्या स्वयंसेवकाला दुकानात पाठवतं आणि बाटली मिळते का पाहतं. मिळाली तर परवान्यावर कारवाई होते. आपल्या राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे हातभट्ट्या फोडायला माणसं आहेत. त्यांतली काही माणसं या कामाला लावायला नवा कायदा लागत नाही.

दारूबंदीच का नको, असं गडचिरोलीकडे बोट दाखवून विचारलं जातं. तिथली बंदी १९९३पासून आहे. ती लोकांच्या, विशेषतः बायकांच्या आंदोलनातून आली, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासारखी माणसं तिच्यामागे दशकानुदशकं उभी राहिली, आणि २०१६पासून मुक्तिपथ या दारू-तंबाखूविरोधी अभियानाचं काम गावोगाव चालू आहे. हे मोठं काम आहे. पण शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली लागू झालेली बंदी २०२१मध्ये सरकारनंच उठवली. ज्या बाईनं गावात 'आडवी बाटली' करायला सह्या गोळा केल्या तिची बाजू न्याय्यच होती. पण गावागावात पाय रोवून बसलेली संघटना आणि तिला साथ देणारं प्रशासन या दोन्हींशिवाय बंदी टिकत नाही, आणि ती उठली की मुलाच्या वयाची साधी तपासणीही मागे उरत नाही. पुण्या-नाशिकमध्ये अशी बंदी येणार नाही हे सगळे जाणतात. तिथल्या मुलांसाठी काही करायचं तर ते वयाच्या अटीतूनच करावं लागेल.

दुसरी गोष्ट संध्याकाळची. आइसलँडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्क्यांनी मागच्या महिन्यात एकदा तरी झिंगल्याचं सांगितलं होतं. २०१६ साली ते ५ टक्के झाले. युरोपात इतर देशांतही हे प्रमाण घटलं, पण एवढं क्वचितच. त्यांनी खरेदीचं वय २० ठेवलं आणि पाळलं. १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर एकट्यानं बाहेर राहायचं नाही असा नियम केला, आणि पालकांनी आपसांत तसा करार करून गल्लीत गस्त घातली. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खेळ, संगीत, नाच यांच्या वर्गांसाठी सरकारी पैसा दिला; रेक्याविकमध्ये प्रत्येक मुलाच्या नावानं दरवर्षी रक्कम मिळते. शाळाशाळांत दरवर्षी पाहणी होते आणि तिचे निकाल त्या त्या वस्तीच्या हातात लगेच पडतात. देश श्रीमंत आणि छोटा आहे हे खरं. पण जवळपास चार लाखांची वस्ती म्हणजे आपला एक मोठा तालुका. एका तालुक्यात हे करून पाहणं अशक्य नाही.

पैशाचं म्हणाल, तर जून २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मद्यावरचं शुल्क मोठ्या प्रमाणात वाढवलं तेव्हा त्यातून १४ हजार कोटी रुपयांच्या जादा महसुलाची अपेक्षा सांगितली गेली. त्यातला एक टक्का म्हणजे १४० कोटी. संध्याकाळी सहा ते नऊ उघडी राहणारी मैदानं, तालमी, वाचनालयं, नाट्यवर्ग यांना तेवढे जरी मिळाले तरी अनेक गावांत मुलांना बांधाशिवाय दुसरी जागा मिळेल.

ज्यांची सुरुवात झालीच आहे त्यांच्यासाठी व्यसनमुक्ती केंद्र हा शेवटचा दरवाजा असतो. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून महाराष्ट्राला त्या दरवाज्याची ओळख आहे. त्याच्या बऱ्याच आधी एक छोटा दरवाजा हवा. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगाथ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी स्थानिक, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून समुपदेशक केलं. घातक प्रमाणात पिणाऱ्या प्रौढ पुरुषांना त्यांनी मोजक्या बैठका दिल्या. तीन महिन्यांनी अशा ३६ टक्के पुरुषांचं पिणं आटोक्यात आलं होतं. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ते प्रमाण २६ टक्के होतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग प्रौढांवर झाला. तोच प्रयोग अकरावी-बारावीच्या मुलांसाठी, शिक्षा न करता, घरी न कळवण्याची हमी देऊन, एखाद्या जिल्ह्यात करून पाहायला हवा. परीक्षेत नापास झाल्यावर, प्रेम मोडल्यावर, बापाच्या शिव्या खाल्ल्यावर जो मुलगा एकटा प्यायला लागतो, त्याला आज जायला कुठेच जागा नाही.

राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या महसुलाचा आकडा दरवर्षी जाहीर होतो. त्याच्या शेजारी आणखी तीन आकडे जिल्हावार छापले जावेत: किती दुकानांत आणि परमिट रूममध्ये कमी वयाचा मुलगा पाठवून तपासणी झाली, त्यांतल्या किती ठिकाणी त्याला बाटली मिळाली आणि किती परवाने निलंबित झाले. पहिल्या वर्षी हे आकडे लाजिरवाणे असतील. ते सभागृहात मागणारा एक आमदार, कोणत्याही पक्षाचा, येत्या अधिवेशनात उभा राहायला हवा.